एका जिल्ह्याचा एकच रंग

ठाणे जिल्ह्याला हवामान खात्यानं पिवळा किंवा नारंगी इशारा दिला की तो एकाच वेळी भाईंदरच्या खाडीकाठाला, घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींना, डोंबिवलीच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्यांना, बदलापुरातल्या नदीकाठच्या वस्तीला आणि माळशेज घाटाच्या पायथ्याशी राब भाजून मृगाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याला सारखाच लागू होतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यावरही उरलेला ठाणे जिल्हा ४,२१४ चौरस किलोमीटरचा आहे. उन्हाळ्यातला गडगडाटी ढग ऐन भरात असतानाही जेमतेम पाच-दहा किलोमीटरचा टापू व्यापतो. त्यामुळे इशाऱ्याच्या दिवशी बदलापुरात झाडं उन्मळून पडतात, वीज जाते, आणि ठाण्यात माणसं कोरड्या छत्र्या घेऊन घरी परततात. दुसऱ्या दिवशी ठाणेकर म्हणतो, अंदाज चुकला. बदलापूरकर म्हणतो, एवढं होणार हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोघांच्याही तक्रारीत तथ्य आहे, आणि तरीही त्या दिवशीचा अंदाज शास्त्राच्या कसोटीवर अचूक असू शकतो. माझं म्हणणं असं, की आपल्या पट्ट्यातल्या पावसाच्या अंदाजाचं दुखणं ढगांच्या शास्त्रात आहे त्याहून जास्त ते अंदाज कोणत्या मापानं सांगितला जातो यात आहे. जिल्हा हे माप चुकीचं आहे आणि चोवीस तास हेही चुकीचं आहे. ढग या दोन्ही मापांत बसत नाही. ही मापं बदलण्याइतकी साधनं मात्र आपल्याकडे आज आहेत.

आधी या पट्ट्यात वळीव तयार कसा होतो ते पाहू, कारण अंदाजाची अडचण तिथूनच सुरू होते. एप्रिल-मे महिन्यात मुंबईच्या किनाऱ्यावर दुपारपर्यंत खारे वारे सुरू होतात. समुद्रावरून येणारी ही हवा दमट असते, पण तुलनेनं थंड असते, त्यामुळे कुलाब्याचा पारा मे महिन्यातही तेहेतीस-चौतीस अंशांच्या आसपास रेंगाळतो. येऊरचे डोंगर, मग पारसिकची टेकडी ओलांडून हीच हवा डोंबिवली-कल्याणला पोहोचते तेव्हा दुपार बरीच कललेली असते. तोवर तिथली जमीन, पत्रे, डांबर आणि काँक्रीट तापून निघालेलं असतं. कल्याण-बदलापूर पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो तो यामुळेच. या तापलेल्या टापूवर समुद्राचा ओलावा उशिरा, पण मुबलक येतो. त्याच वेळी पूर्वेला सह्याद्रीचे उतार सकाळपासून तापलेले असतात, आणि वरच्या थरात वारा बहुतेकदा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून वाहत असतो. पश्चिमेची ओली हवा आणि पूर्वेची कोरडी, तापलेली हवा यांची गाठ मुरबाड, शहापूर, कर्जत, बदलापूर या पट्ट्यात पडते. ढगांचे पांढरे मनोरे दुपारनंतर आधी तिथेच उभे राहतात आणि मग पश्चिमेकडे, म्हणजे कल्याणकडे आणि ठाण्याकडे सरकतात. पावसाळ्यातला पाऊस समुद्राकडून येतो आणि वळीव डोंगराकडून येतो, हे कल्याणच्या पूर्वेकडच्या गावांतल्या जुन्या माणसांना रडार नसतानाही ठाऊक होतं.

पण उकाडा आणि ओलावा असला की पाऊस येतोच असं नाही. मे महिन्यातल्या कितीतरी संध्याकाळी मळभ दाटतं, घामाच्या धारा लागतात आणि काहीच न होता रात्र होते. याचं कारण जमिनीपासून एक-दोन किलोमीटर उंचीवर अनेकदा उष्ण, कोरड्या हवेचा एक थर असतो. खालून वर निघालेली ओली हवा त्या थरात शिरली की भोवतालापेक्षा थंड ठरते आणि तिथेच थबकते. हवामानशास्त्रज्ञ याला झाकण म्हणतात. झाकण घट्ट राहिलं तर दिवस कोरडा जातो. एखाद्या ठिकाणी ते फुटलं तर खाली साठलेली सगळी ऊर्जा एकदम वर उसळते. हवा वर जाताना थंड होते, वाफेचं पाणी होतं, त्यातून उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेनं हवा आणखी वर जाते. अर्ध्या-पाऊण तासात ढगाचा माथा दहा-बारा किलोमीटरच्याही वर जातो. तिथे बर्फाचे कण आणि लहान गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात आणि विजा सुरू होतात. मग पाऊस खाली येऊ लागला की त्यातला काही भाग वाटेतल्या कोरड्या हवेत वाफ होऊन जातो. वाफ होताना हवा गार होते, गार हवा जड होते आणि जमिनीवर कोसळून चहूबाजूंना पसरते. पावसाच्या आधी धुळीचे लोट उडवत येणारा सोसाट्याचा वारा तो हाच. एका ढगाचं आयुष्य एवढंच, अर्धा ते एक तासाचं. मात्र बदलापूरवर विरत चाललेल्या ढगातून निघालेला हा गार वारा अंबरनाथ-डोंबिवलीवरच्या उष्ण हवेला उचलून धरून तिथे दुसरा ढग जन्माला घालू शकतो, किंवा तिथली हवा गार करून पुढची शक्यताच संपवू शकतो. यातलं काय होईल हे अनेकदा एक-दोन अंशांच्या फरकावर ठरतं.

म्हणूनच उद्या संध्याकाळी साडेपाचला डोंबिवलीत वादळी पाऊस पडेल का, या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर आदल्या दिवशी जगातली कोणतीही संस्था देऊ शकत नाही. हा भारतीय हवामान खात्याचा दुबळेपणा नव्हे. हवामानाची संगणकीय प्रारूपं पृथ्वीवरची हवा चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनातला वारा, तापमान आणि ओलावा पुढे कसा बदलेल याचं गणित करतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ रोजी देशासाठी खुली झाली. तिच्या चौकोनाची बाजू सहा किलोमीटर आहे. आधीच्या प्रारूपाची बारा होती. ही झेप खरोखर मोठी आहे. तरीही कल्याण-डोंबिवली महापालिकेची हद्द अशा मोजक्याच चौकोनांत मावते, आणि पाच-सात किलोमीटरचा ढग नीट उभा करायला त्या ढगाच्या पोटात असे कितीतरी चौकोन असावे लागतात. शिवाय गणित सुरू करण्यासाठी हवेची आत्ताची स्थिती माहीत असावी लागते. उपकरणं बांधलेले फुगे दिवसातून दोनदा, पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सोडले जातात. वळवाचा खरा खेळ या दोन वेळांच्या मधल्या दुपारी रंगतो. एडवर्ड लॉरेन्झनं १९६३ मध्ये दाखवून दिलं की सुरुवातीच्या मापनातली लहानशी चूकही पुढे वाढत जाऊन अंदाज निकामी करते. ढग जितका लहान, तितकी ही चूक लवकर वाढते. आठवड्याभराच्या चक्रीवादळाचा माग काढता येतो आणि तासाभराच्या ढगाचा आदल्या दिवशी काढता येत नाही, तो याच कारणानं.

मग हातात उरतं काय? माझ्या मते बरंच काही उरतं. आदल्या दिवशी एवढं सांगता येतं, आणि खातं ते सांगतंही, की उद्या हवा वादळाला अनुकूल आहे, ढग झाले तर वारा ताशी अमुक वेगानं वाहू शकतो. हा परिस्थितीचा अंदाज असतो, घटनेचा नसतो. घटनेचा अंदाज ढग उभा राहिल्यावरच करता येतो, आणि त्यासाठीचं साधन म्हणजे डॉप्लर रडार. रडारमधून सोडलेल्या लहरी पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात. किती परत आल्या यावरून पावसाचा जोर कळतो, आणि त्यांच्या बदललेल्या कंपनसंख्येवरून थेंब रडारकडे येताहेत की दूर जाताहेत हे कळतं. २६ जुलै २००५ च्या महापुराच्या दिवशी मुंबईत असं रडार नव्हतं. पुढे कुलाब्याला ते आलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये जोगेश्वरीच्या वेरावली टेकडीवरचं दुसरं रडार सुरू झालं. कल्याण कुलाब्यापासून सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटरवर आहे, म्हणजे रडारच्या नजरेत चांगलंच येतं. आता साधा हिशेब मांडू. बदलापूर ते ठाणे हवाई अंतर सुमारे २७ किलोमीटर. ढग ताशी वीस-तीस किलोमीटरनं सरकतात. दुपारी चारला रडारच्या चित्रात बदलापूरवर जोरदार पावसाचा लाल ठिपका दिसला तर ठाण्याला साधारण तासाभराची उसंत मिळते. तेवढ्यात शाळेचं मैदान रिकामं करता येतं, क्रेन थांबवता येते, होर्डिंगखालची माणसं हलवता येतात. उलट बाजूनं पाहिलं तर त्याच वेळी ठाण्याहून बदलापूरची धीमी लोकल पकडणारा माणूस पाऊणएक तासात थेट ढगाच्या तोंडी जात असतो.

१३ मे २०२४ ची दुपार हे या सगळ्याचं कठोर उदाहरण आहे. त्या दिवशी दुपारनंतर ठाणे-पालघरसह या पट्ट्यासाठी ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा आणि मेघगर्जनेचा तात्कालिक इशारा खात्यानं दिला होता. पुढच्या तीन तासांसाठी दिला जाणारा हा इशारा ‘नाऊकास्ट’ या नावानं ओळखला जातो. धुळीचं वादळ आलं, ठाणे-मुलुंड दरम्यान ओव्हरहेड वायरचा खांब वाकला आणि मध्य रेल्वेची वाहतूक कोलमडली. विमानतळ काही काळ बंद ठेवावा लागला. घाटकोपरला १२० फूट बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि त्यात १७ जणांचे जीव गेले. त्या होर्डिंगचा आकार परवानगीच्या मर्यादेच्या कित्येक पट होता. तो दोष हवामानाच्या अंदाजाचा नाही, आणि त्या मृत्यूंची जबाबदारी ढगांवर ढकलता येणार नाही. पण तरीही विचारायला हवं, की इशारा निघाला तेव्हा तो पेट्रोल पंपावर, फलाटावर, बांधकामाच्या जागी किती जणांपर्यंत पोहोचला? ‘ठाणे जिल्हा, तुरळक ठिकाणी’ असा संदेश हाती पडलेल्या माणसानं नेमकं काय करायचं? हवा बिघडण्याआधीचा तो मोलाचा तास आपल्याकडे होता. तो वापरण्याची व्यवस्था नव्हती.

खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५, आणि त्यापुढे ‘बहुतेक ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी वादळी पाऊस’ हा अंदाज शंभर टक्के खरा ठरला तरी चारपैकी तीन जागा कोरड्या राहणं अपेक्षितच आहे. या तीन जागांवरच्या लोकांना अंदाज फसला असं वाटतं आणि ते पुढच्या वेळी लक्ष देत नाहीत. जुलै २०२४ मध्ये याचा दुसरा प्रकार दिसला. ८ जुलैच्या पहाटे मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. एवढं होईल याची आदल्या संध्याकाळी बहुतेकांना कल्पना नव्हती. लगेच दुसऱ्या दिवशी, ९ जुलैला, लाल इशारा होता, मुंबई-ठाणे परिसरातल्या शाळा बंद ठेवल्या गेल्या आणि पाऊस मात्र बेताचाच झाला. पालकांचा संताप समजण्यासारखा आहे. पण या दोन दिवसांकडे एकत्र पाहिलं की दिसतं, की जिल्हा आणि दिवस या मापांनी निर्णय घ्यायचा म्हटलं तर एक तर सगळं बंद, नाही तर सगळं सुरू, एवढेच दोन पर्याय प्रशासनाच्या हातात राहतात.

चोवीस तासांच्या मापाची गोष्ट तर आणखी गंभीर आहे. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात. त्यात ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पाऊस झाला तर ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’, आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. शेतीसाठी आणि धरणांसाठी ही मोजणी योग्यच आहे. शहराला मात्र तासाचा हिशेब लागतो. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबानं बांधलेली होती. नव्या प्रकल्पात ती ताशी ५० पर्यंत नेण्याचं ठरलं. ६५ मिलिमीटर पाऊस दिवसभर झिमझिम पडला तर डोंबिवलीत चिखलाशिवाय काही होत नाही. तोच वळवाच्या तडाख्यात पाऊण तासात पडला, नाल्याच्या तोंडाशी प्लॅस्टिक अडकलेलं असलं आणि खाडीला भरती असली, तर ठाण्यातल्या वंदना टॉकीजच्या परिसरापासून कल्याणच्या वालधुनीकाठापर्यंत पाणी घरात शिरतं. दोन्ही दिवसांची नोंद रजिस्टरमध्ये सारखीच होते.

अंतरानं काय फरक पडतो याचा सर्वांत मोठा पुरावा २६ जुलै २००५ चा आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तिथून वीस-बावीस किलोमीटरवर असलेल्या कुलाब्याला फक्त ७३. आणि हा वळीव नव्हता, ऐन मोसमी पाऊस होता, जो आपण सरसकट सगळीकडे पडतो असं धरून चालतो. मोसमी प्रवाहातही उंच गडगडाटी ढगांचे समूह एकाच जागी पुन्हा पुन्हा तयार होत राहू शकतात, हे त्या दिवशी दिसलं. डोंबिवली सांताक्रूझपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे, म्हणजे कुलाब्यापेक्षाही लांब. मग सांताक्रूझच्या आकड्यावरून डोंबिवलीचा पाऊस सांगणं कसं चालेल? तरी बातम्यांत आजही ‘मुंबई आणि परिसरात’ म्हणून हेच दोन आकडे दिले जातात.

कल्याणच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती दिलासा देणारी आहे. तिथला मोठा पूर आकाशातून कमी आणि नदीतून जास्त येतो. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात उगम पावते, कर्जत, नेरळ, बदलापूर असं येत कल्याणला खाडीला मिळते. वाटेत तिला बारवी मिळते, कल्याणजवळ काळू आणि भातसा यांचं पाणीही येतं. घाटमाथ्यावर आणि माथेरानच्या उतारांवर पडलेला पाऊस खाली यायला काही तास लागतात. म्हणजे बदलापूर आणि कल्याणच्या पुराचा अंदाज करायला ढगाचं भविष्य सांगण्याची गरज नाही. पडून गेलेल्या पावसाची मोजणी वेळेत हातात आली तरी पुरतं. बदलापूरला नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर ठरवलेली आहे, हेंद्रेपाड्यातल्या रहिवाशांना हे आकडे तोंडपाठ असतात. असं असूनही २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि दुसऱ्या दिवशी १,०५० च्या आसपास प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि चामटोलीच्या गावकऱ्यांनी मिळून बाहेर काढलं. जीवितहानी झाली नाही ही त्या सगळ्यांची पुण्याई. पण नदी अचानक आली असं म्हणणं बरोबर नाही. ती वर कर्जतकडे आधीच फुगत होती. कर्जतचं पर्जन्यमापक, बदलापूरची पातळी आणि रेल्वेचा नियंत्रण कक्ष एका धाग्यात ओवलेले असते तर गाडी बदलापूरच्या पुढे पाठवायची का, हा प्रश्न वेळेत विचारला गेला असता.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळं लवकरच सोडवेल, आणि मोबाइलवरची ॲप आजही तासातासाचा पाऊस दाखवतात. नव्या प्रारूपांचं यश खरं आहे. युरोपीय हवामान केंद्रानं फेब्रुवारी २०२५ मध्ये असं एक प्रारूप नियमित वापरात आणलं. पण या प्रारूपांना शिकवण्यासाठी वापरलेली जुनी माहिती साधारण २५ ते ३० किलोमीटरच्या चौकोनांची आहे. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतचा सगळा पट्टा त्यातल्या जवळपास एका चौकोनात मावतो. आठवडाभराच्या मोठ्या घडामोडींसाठी ती उत्तम आहेत. वळवासाठी त्यांच्याकडे आज डोळेच नाहीत. ॲपवर ‘सायंकाळी ६, पाऊस ४० टक्के’ असं दिसतं तेव्हा तो आकडा बहुधा अशाच भरड चौकोनातून ओढून आणलेला असतो. तो तासाच्या रकान्यात छापला म्हणून तासाइतका अचूक होत नाही. त्यापेक्षा खात्याच्या संकेतस्थळावरचं रडारचं चित्र दहा मिनिटं पाहिलेलं कितीतरी उपयोगी, कारण तिथे प्रत्यक्ष पडणारा पाऊस दिसतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इशारे बारीक आणि वारंवार केले तर लोक कंटाळतील, ‘लांडगा आला’ची गत होईल, आणि टक्केवारीची भाषा सामान्य माणसाला कळणार नाही. यातला कंटाळ्याचा भाग मी मान्य करतो. मात्र कंटाळा आज जास्त आहे, कारण आज मुरबाडच्या ढगासाठी मीरा रोडचा फोन वाजतो. अमेरिकेत पूर्वी गंभीर वादळाचा इशारा काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाला दिला जाई. १ ऑक्टोबर २००७ पासून तिथल्या हवामान सेवेनं ढगाच्या मार्गाभोवती नकाशावर बहुकोन आखून तेवढ्याच टापूला इशारा द्यायला सुरुवात केली. ज्यांना धोका नाही अशा माणसांना उगाच सावध करणं त्यामुळे टळलं. आपल्याकडेही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ यंत्रणा ठरावीक टापूतल्या मोबाइलना संदेश पाठवू शकते, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप तुमच्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळातल्या विजा दाखवतं. तंत्र आहे. सवय जिल्ह्याची आहे, कारण जिल्हाधिकारी जिल्ह्याचा असतो. राहिली टक्केवारी. डोंबिवलीची गृहिणी पापड वाळत घालायचे की नाही हे रोज शक्यतेच्याच हिशेबानं ठरवते. फलाटावर गर्दी पाहून ही लोकल सोडायची की नाही ते माणूस शक्यतेनंच ठरवतो. चारांत एक शक्यता आहे असं स्पष्ट सांगितलं तर लोकांना कळतं. ‘शक्यता नाकारता येत नाही’ या शब्दांतून मात्र कुणालाच काही कळत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. नवी रडारं, नवी केंद्रं, यासाठी निधी कुठून आणायचा? सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ‘मिशन मौसम’साठी २,००० कोटी रुपये मंजूर केले आहेत, आणि मुंबई महानगर प्रदेशात कमी पल्ल्याच्या लहान रडारांचं जाळं उभारण्याची योजनाही आखली गेली. डोंगरांच्या आड, जमिनीलगत काय चाललं आहे ते दूरच्या रडारला दिसत नाही, म्हणून ती हवीतच. पण माझा रोख खर्चाच्या आधीच्या गोष्टीवर आहे. आहे ती माहिती एकत्र का नाही? राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली आहेत, त्यांत ठाणे जिल्ह्यातलीही आहेत. ठाणे महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष पावसाची आकडेवारी देतो. धरणांवर, एमआयडीसीत, रेल्वेकडे पर्जन्यमापकं आहेत. मुंबई महापालिकेनं २००५ च्या धड्यानंतर स्वतःची स्वयंचलित केंद्रं उभारली आणि त्यांची पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद लोकांना पाहता येते. आपल्या पट्ट्यात मात्र प्रत्येक आकडा वेगळ्या कार्यालयात, बहुतेकदा चोवीस तासांनी, बेरीज होऊन बाहेर येतो. ही पोकळी आज भरून काढतात ती बदलापूर-डोंबिवलीतली हौशी हवामान अभ्यासक मंडळी. स्वतःच्या खर्चानं गच्चीवर यंत्र बसवून त्यांनी घेतलेल्या नोंदी वर्तमानपत्रं छापतात आणि हजारो लोक त्यांच्या भरवशावर घराबाहेर पडतात. त्यांचं कौतुक करावं तितकं थोडं आहे. पण लाखोंच्या वस्तीची ही शहरं हौसेवर किती दिवस विसंबणार?

मे २०२५ नं या सगळ्याची निकड आणखी वाढवली आहे. मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनच्या सुमाराला येतो. त्या वर्षी तो २६ मेलाच आला, आणि कुलाब्यात मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ पासूनचा विक्रम मोडला. एका वर्षावरून कल ठरत नाही. पण नालेसफाईची ३१ मेची मुदत, झाडांच्या फांद्या छाटण्याचं वेळापत्रक, धोकादायक इमारतींच्या नोटिसा, सगळं जूनच्या हिशेबानं आखलेलं असतं, आणि वळवाचा काळ तर एप्रिलपासूनच सुरू होतो.

ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी आणि मीरा-भाईंदर महापालिका, अंबरनाथ आणि बदलापूर नगरपालिका यांनी पाटबंधारे विभाग आणि रेल्वेला सोबत घेऊन आपापल्या पर्जन्यमापकांची आणि नदीपातळीची दर पंधरा मिनिटांची नोंद एका सार्वजनिक नकाशावर आणावी, ही मागणी फार मोठी नाही. हवामान खात्यानं तात्कालिक इशारा तालुका आणि ढगाचा मार्ग सांगून द्यावा, हीही नाही. आणि वाचकांना सांगणं एवढंच: एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी कामावरून निघण्यापूर्वी रडारचं चित्र उघडून मुरबाड-बदलापूरच्या बाजूला काय आहे ते पाहा, गडगडाट ऐकू आला की झाड, होर्डिंग आणि पत्र्याच्या शेडखालून बाजूला व्हा, आणि तुमच्या प्रभागात सर्वांत जवळचं पर्जन्यमापक कुठे आहे, त्याचा आकडा कुठे पाहायला मिळतो, हे महापालिकेला लेखी विचारा.